बोर्ड बदला, बाकी काही नको

लॅमिंग्टन रोडचं सरकारी नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. गिरगावला खेटून असलेल्या या बाजारात कॉम्प्युटरचे सुटे भाग घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाचा एक प्रश्न ठरलेला: यातला फास्ट मदरबोर्ड कुठला?

उत्तर हवं तर आधी चाचणीचा संच उभारावा लागतो. प्रोसेसर, रॅम, एसएसडी, ग्राफिक्स कार्ड, कूलर, पॉवर सप्लाय सगळं तेच. बदलायचा फक्त बोर्ड. कॅबिनेटला फाटा देऊन मांडणी उघड्यावरच करतात. ताजा बायोस, कोरं विंडोज, अपडेट बंद.

खरी मेख बायोसमध्ये. काही बोर्ड प्रोसेसरची वीजमर्यादा मुळातच सैल ठेवतात. असा बोर्ड सिनेबेंच या वेगचाचणीत पुढे दिसतो, पण ती करामत जादा विजेची. म्हणून मर्यादा सारखी करूनच आकडे घ्यायचे. रॅमचंही तेच: एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिचा जाहीर वेग देणारं सेटिंग, चालू केलं नाही तर महागडी रॅमही कमी वेगानेच चालते. प्रत्येक चाचणी निदान तीनदा, आणि मधला आकडा धरायचा.

एवढा खटाटोप करून फरक निघतो तो बहुधा किरकोळ. कारण रॅमचा कंट्रोलर एएमडीने २००३ मध्ये आणि इंटेलने २००८ मध्ये आपल्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्येच नेला. बोर्डाच्या हातात वेग फारसा उरला नाही.

मोजण्याजोगा उरतो तो प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या व्हीआरएमचा ताप. अर्धा तास पूर्ण भार देऊन तो पाहायचा, आणि सोबत खोलीचा पाराही टिपायचा. नाहीतर एसी शोरूममध्ये २४ अंशांत शहाणा ठरलेला बोर्ड मे महिन्यातल्या परळच्या ३४ अंशांच्या खोलीत उगाच बदनाम होतो.