जुन्या जीपला नवे ब्रेक

कन्नडहून चाळीसगावकडे औट्रम घाट उतरताना जुन्या जीपचा खरा कस लागतो. चढाबद्दल या गाडीची कुणी तक्रार करत नाही. लो गिअर टाकला की ती खडकावर, चिखलात, नदीपात्रात कुठेही चढते. उतार लागला की मात्र गाडीतल्या गप्पा थांबतात आणि ड्रायव्हर पेडलवर पाय ठेवून बसतो. धुळ्याकडे या गाडीबद्दल ऐकू येतं, "भाऊ, गाडी पयस चांगली, पन थांबस नही."

खानदेशात घाट टाळून फारसं कुठे जाता येत नाही. दक्षिणेला औट्रम आणि अजिंठा, पश्चिमेला कोंडाईबारी, उत्तरेला बिजासन, आणि सातपुड्यात शिरलं की तोरणमाळ. त्यात धुळ्याला मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात. तिथे पुढची नवी कार डिस्क आणि एबीएसच्या जोरावर जागच्या जागी थांबते. तिच्या मागे सत्तर वर्षांपूर्वीच्या ब्रेकवर चालणारी जीप असेल, तर त्या दोन गाड्यांमधलं अंतर हीच तिची एकमेव सुरक्षा.

महिंद्रांनी चाळीसच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली. उंच बॉनेटची सीजे-3बी विलीजने अमेरिकेत 1953 मध्ये आणली. तिकडे तिचं उत्पादन 1968 मध्ये बंद झालं, पण आपल्याकडे त्याच साच्यातल्या गाड्या पुढे कितीतरी वर्षं निघत राहिल्या. म्हणून रावेर-यावलच्या केळीच्या बागांपासून साक्रीच्या डोंगरापर्यंत जीप हे ओळखीचं वाहन झालं. योगायोग असा, की 1953 सालीच डनलॉपचे डिस्क ब्रेक लावलेल्या जॅग्वार गाडीने ल मां इथली 24 तासांची शर्यत जिंकली. डिस्क ब्रेकचं पेटंट तर इंग्लंडच्या फ्रेडरिक लँचेस्टरने 1902 मध्येच घेतलं होतं. जीपला मात्र 9 इंची ड्रम मिळाले. युद्धकाळातल्या गाडीचेच ते ब्रेक, आणि त्या काळच्या वेगाला ते पुरत होते.

चाक काढून ड्रम ओढला की आतली सगळी कहाणी दिसते. अर्धगोलाकार दोन शू, त्यांच्यावर रिबिट मारलेले लायनर, वर व्हील सिलिंडर, मधे ताणलेल्या स्प्रिंगा. नदी ओलांडून आलेल्या गाडीत या सगळ्यावर काळ्या मातीचा लेप असतो. सिलिंडरचं रबरी बूट फाटलेलं असेल तर ब्रेक ऑइल लायनरवर उतरतं, मग ते चाक धरत नाही आणि गाडी दुसऱ्या बाजूला ओढते. लायनर झिजतील तसे शू हाताने ॲडजस्ट करावे लागतात. चारही चाकांचं ॲडजस्टमेंट सारखं बसवणारा मिस्त्री आता शोधावा लागतो. मला त्याच्या हाताबद्दल फार आदर आहे, कारण चांगला बसवलेला ड्रम ब्रेक सपाट रस्त्यावर अजूनही उत्तम काम करतो.

अडचण उष्णतेची आहे. माणसं-सामानासकट 1500 किलो भरणारी गाडी 100 मीटर खाली उतरते, तेव्हा साडेचार लिटर पाणी उकळीला यावं एवढी ऊर्जा कुठेतरी जिरावी लागते. त्यातली काही इंजिन आणि हवा घेते, उरलेली ब्रेकवर येते. ड्रम तापला की फुगतो, म्हणजे शूपासून लांब जातो. पेडल खाली खाली जाऊ लागतं, आणि तापलेल्या लायनरची पकडही कमी होते. डिस्कचं उलट आहे. ती तापून जाड होते ती पॅडकडेच. शिवाय ती उघड्या हवेत फिरते, त्यामुळे लवकर निवते, आणि पाणी बाहेर फेकून दोन-चार फेऱ्यांत कोरडी होते. तापी-गिरणेच्या फरशीवरून पावसाळ्यात जाणाऱ्याला याहून मोठं कारण लागत नाही.

ड्रमच्या जागी डिस्क लावण्याचा प्रत्यक्ष बदल पुढच्या चाकांपासून सुरू होतो, कारण ब्रेक मारताच गाडीचा भार पुढे येतो. जीपच्या पुढच्या ॲक्सलला स्पिंडल आणि ड्रमची मागची प्लेट एकाच सहा बोल्टांनी धरलेली असते. प्लेट काढायची, तिच्या जागी जाड पोलादी ब्रॅकेट बसवायचं आणि त्यावर डिस्कवर पॅड दाबणारा कॅलिपर. हे ब्रॅकेट गॅसने कापून, ग्राइंडरने घासून चालत नाही. त्याचं तोंड लेथवर सरळ करून घ्यायला हवं. कॅलिपर डिस्कच्या बरोबर मध्यावर आला पाहिजे, आणि डायल गेज लावून चाक फिरवलं तर डिस्कची डुलण मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शात राहिली पाहिजे. नाहीतर पेडल पायाखाली थरथरतं. मूळ 16 इंची रिममध्ये कॅलिपर सहसा मावतो. हौसेने 15 इंची रिम टाकली असेल तर आधी मोजून घ्यावं.

खरं काम मात्र चाकापाशी नसतं, ते ड्रायव्हरच्या पायाखाली असतं. जुन्या जीपचा मास्टर सिलिंडर फळीखाली, चासीला लागून असतो. त्याची टाकी लहान, आणि चारही चाकांना मिळून एकच लाइन. एक पाइप फुटला की सगळे ब्रेक गेले. त्यात ड्रमसाठी बनवलेल्या मास्टर सिलिंडरमध्ये एक व्हॉल्व्ह असतो, जो लाइनमध्ये सुमारे 10 पौंड दाब कायम धरून ठेवतो. तोच दाब कॅलिपरवर गेला तर पॅड डिस्कला घासत राहतात, आणि काही किलोमीटरमध्ये चाकाला हात लावता येत नाही. व्हॉल्व्ह नुसता काढून टाकला तर दुसरी पंचाईत. सिलिंडर कॅलिपरपेक्षा खाली असल्याने ऑइल परत वाहून येतं आणि पहिलं पेडल पोकळ जातं. म्हणून पुढच्या लाइनमध्ये 2 पौंडांचा हलका व्हॉल्व्ह घालतात. माझं मत विचाराल तर, दोन वेगळ्या लाइनींचा टँडम मास्टर सिलिंडर बसवायचा नसेल, तर डिस्क बसवूच नये.

पायाच्या जोराचाही हिशेब आहे. ड्रममध्ये पुढचा शू फिरण्याच्या दिशेने आपोआप आत ओढला जातो, पायाला तेवढी मदत मिळते. डिस्कमध्ये ती मिळत नाही, म्हणून बूस्टर लागतो. पेट्रोल इंजिनाला त्यासाठी मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम पुरतो. डिझेलला तो नसतो, तिथे मागे व्हॅक्यूम पंप जोडलेला अल्टरनेटर बसवावा लागतो. हे खर्चाचं काम इथे बरेच जण पुढे ढकलतात आणि मग डिस्कलाच नावं ठेवतात. ऑइलचंही तसंच. ताजं डॉट 3 ऑइल 205 अंशांना उकळतं, पण हवेतलं पाणी शोषून जुनं झालेलं 140 अंशांनाच. घाटात ऑइल उकळून लाइनमध्ये वाफ झाली तर डिस्कही काही करू शकत नाही.

मागचे ड्रम तसेच ठेवावेत असं मी म्हणेन. त्यांच्यावर भार कमी असतो, आणि मागची चाकं आधी जाम होणं हे तर घसरण्याचं आमंत्रण. सीजे-3बीचा हँडब्रेक चाकांवर नाहीच. तो ट्रान्सफर केसच्या मागे प्रोपेलर शाफ्टला धरतो, त्यामुळे या बदलात त्याला हात लावावा लागत नाही. गाडी उभी करायला तो पक्का आहे. धावत्या गाडीत ओढला तर सगळा झटका शाफ्टवर आणि ॲक्सलवर येतो.

कागदपत्रांचा प्रश्न उरतो. केंद्राच्या 2021 च्या नियमांनी 50 वर्षांहून जुन्या गाडीला विंटेज म्हणून नोंदता येतं. गाडी मूळ रूपात हवी, आणि चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरबदल नसावा, ही अट आहे. अशी गाडी रोजच्या वापराला चालवता येत नाही. उलट, साध्या नोंदणीवर रोज रस्त्यावर येणाऱ्या जीपलाही कंपनीच्या रचनेत परवानगीशिवाय बदल करता येत नाही. म्हणून हौशी माणसाने आधी आरटीओत विचारावं, आणि मूळ ड्रम, शू, प्लेट, सिलिंडर ग्रीस लावून, चाकाप्रमाणे खुणा करून जपावेत. ब्रॅकेट त्याच सहा बोल्टांवर बसत असल्याने चासीत किंवा ॲक्सलमध्ये एकही नवं भोक पाडावं लागत नाही, आणि गाडी हवी तेव्हा पुन्हा मूळ रूपात आणता येते.

काम झाल्यावर लगेच घाट गाठू नये. मोकळ्या रस्त्यावर वेग घेऊन, पूर्ण न थांबता, पुन्हा पुन्हा हलका ब्रेक लावत पॅड डिस्कवर बसू द्यावेत आणि मधे निवायला वेळ द्यावा. मग गाडी जॅकवर घेऊन चाकं हाताने मोकळी फिरतात का पाहावं, सहा बोल्ट पुन्हा आवळावेत, टाकीतली पातळी बघावी. पॅड झिजतात तसं ऑइल कॅलिपरमध्ये उतरतं, म्हणून पहिले काही महिने ही टाकी दर आठवड्याला उघडून पाहायची.