पोकोट डोंगरातली तेगला

केनियाच्या वायव्येला, युगांडाच्या सीमेला लागून वेस्ट पोकोट नावाचा डोंगराळ मुलूख आहे. तिथले पोकोट लोक पशुपालक. गुरे हीच त्यांची संपत्ती. आपल्याकडच्या वारली-कोकणा समाजात नवऱ्या मुलाकडून देज देतात, तसे पोकोटही देतात. फक्त ते गुरांत मोजतात. त्यामुळे शेजारच्या जमातींची गुरे पळवून आणणे ही तिथल्या तरुणांची जुनी मर्दुमकी. पूर्वी हे भाल्यांनी चाले. १९७९ मध्ये युगांडात इदी अमीनची सत्ता कोसळली, लष्करी कोठारे लुटली गेली आणि या गुराख्यांच्या हाती बंदुका आल्या. मग एकेका हल्ल्यात माणसे मरू लागली, गावे ओस पडू लागली.

याच मुलखात १९७३ साली तेगला लोरूपेचा जन्म झाला. वडिलांच्या अनेक बायका, भावंडे वीसच्या वर. सातव्या वर्षी शाळेत घातले. शाळा दहा किलोमीटरवर, तेव्हा रोज अनवाणी धावत जायचे. आमच्या भागातल्या मुलीही पाड्यावरून शाळेपर्यंत डोंगर तुडवत जातात, पण त्याला कोणी सराव म्हणत नाही. तेगलाच्याही बाबतीत आधी कोणी म्हटले नव्हते. शाळेच्या शर्यतीत तिने मोठ्या मुलींना मागे टाकले तेव्हा तिला स्वतःलाच कळले. धावपटू व्हायचे म्हटल्यावर आईखेरीज कोणीही पाठीशी उभे राहिले नाही. अॅथलेटिक्सच्या अधिकाऱ्यांना ती फारच लहानखुरी वाटली. उंची जेमतेम पाच फूट, वजन चाळीस किलोच्या आसपास. १९८८ मध्ये तिने एक मानाची क्रॉस-कंट्री शर्यत अनवाणी जिंकली आणि मग त्यांचा नाइलाज झाला.

१९९४ मध्ये तिने न्यूयॉर्क मॅरेथॉन जिंकली. मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटर. जगातल्या मोठ्या मॅरेथॉनपैकी एखादी जिंकणारी ती पहिली आफ्रिकन स्त्री. पुढच्या वर्षी तिने तीच शर्यत पुन्हा जिंकली. १९९८ मध्ये रॉटरडॅम येथे २ तास २० मिनिटे ४७ सेकंदांत धावून तिने जागतिक विक्रम केला. नॉर्वेच्या इंग्रिड क्रिस्तियानसेनचा आधीचा विक्रम तेरा वर्षे टिकला होता. काहींनी कुरकुर केली की सोबत वेग धरून देणारे पुरुष धावपटू होते. नियमांत तेव्हा ते चालत होते, आणि पाय तर तिचेच होते! पुढच्या वर्षी बर्लिनला तिने आणखी चार सेकंद कमी केले. १९९७ ते १९९९ अशी सलग तीन वर्षे अर्धमॅरेथॉनचे जागतिक विजेतेपदही तिच्याकडे होते.

ऑलिंपिक पदक मात्र तिला मिळाले नाही. २००० मध्ये सिडनीला सुवर्णाची मोठी दावेदार म्हणून ती गेली, आणि मॅरेथॉनच्या आदल्या रात्री तिला अन्नातून विषबाधा झाली. तरी ती धावली. तेरावी आली. सहा दिवसांनी दहा हजार मीटरच्या अंतिम शर्यतीत अनवाणी उतरून पाचवी आली. तिच्या कारकिर्दीविषयी लिहिताना बहुतेक जण विक्रमांपाशी थांबतात. मला हे तेरावे स्थान जास्त महत्त्वाचे वाटते.

२००३ मध्ये तिने शांततेसाठी आपली संस्था काढली. कल्पना साधी होती. जे तरुण रात्री एकमेकांची गुरे पळवतात, त्यांनी दिवसा एका रस्त्यावर शर्यत पळावी. कापेनगुरिया गावी ही दहा किलोमीटरची शर्यत भरू लागली. २००६ मध्ये तिथे सहा जमातींचे सुमारे दोन हजार योद्धे धावले. पोकोट, तुर्काना, कारामोजोंग यांनी बंदुकीविना एकमेकांसमोर येणे ही तिथे लहान गोष्ट नव्हती. परक्या कोणी बोलावले असते तर ते आले असते का, याची मला शंका आहे. तेगला त्यांच्यातली, आणि गुरांसाठी घरातली माणसे गमावणे म्हणजे काय हे तिला सांगावे लागत नव्हते.

पुढे काकुमा येथील निर्वासित छावणीतून तिने धावपटू निवडले आणि नैरोबीजवळ न्गोंग येथे त्यांना तयार केले. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये प्रथमच निर्वासितांचा संघ उतरला. दहा खेळाडूंपैकी पाच जण तिच्या शिबिरातले, सगळे दक्षिण सुदानचे. संघाची प्रमुख तेगलाच. संघाचा ध्वज रोझ नाथिके लोकोन्येन हिने धरला होता. पदक कोणालाच मिळाले नाही. त्या पाचांपैकी चौघे २०२१ मध्ये टोकियोला पुन्हा धावले.