फुटबॉलच्या सावलीतलं बास्केटबॉल

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

टेक्सास हे अमेरिकेतलं राज्य आपल्या महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठं आहे. वस्ती तीन कोटींच्या वर, तेलाचा पैसा, अवाढव्य विद्यापीठं आणि खेळाचं वेड. बास्केटबॉलचं त्यांना वावडं आहे म्हणावं, तर तसंही नाही. व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये सॅन अँटोनिओच्या संघानं पाच वेळा, ह्यूस्टनच्या संघानं दोन वेळा आणि डॅलसच्या संघानं एकदा विजेतेपद मिळवलेलं आहे. विद्यापीठांच्या बास्केटबॉलची गोष्ट मात्र वेगळी. पुरुषांची राष्ट्रीय स्पर्धा १९३९ साली सुरू झाली. तेव्हापासून २०२५ पर्यंत टेक्सासच्या वाट्याला दोनच विजेतेपदं आली: एक १९६६ मध्ये आणि दुसरं थेट २०२१ मध्ये. मधली पंचावन्न वर्षं कोरडी गेली. याच काळाच्या हिशेबात नॉर्थ कॅरोलायना या राज्याच्या तीन विद्यापीठांनी मिळून तेरा विजेतेपदं पटकावली, आणि त्या राज्याची लोकसंख्या टेक्सासच्या साधारण एक तृतीयांश.

नोकरीच्या निमित्तानं मी काही वर्षं ह्यूस्टनमध्ये राहिलो. तिथं कुणालाही हे कोडं घातलं की एका शब्दात उत्तर मिळायचं: फुटबॉल. उत्तर खरं आहे, पण अपुरं आहे. फुटबॉल नेमकं काय करतो, हे पाहिल्याशिवाय कोडं सुटत नाही.

हा फुटबॉल आपल्या ओळखीचा नव्हे. लांबट चेंडू हातात घेऊन धावायचं, शिरस्त्राण घालून एकमेकांना भिडायचं, असा तो अमेरिकन फुटबॉल. टेक्सासमध्ये शुक्रवारची संध्याकाळ शाळांच्या सामन्यांची आणि शनिवार विद्यापीठांचा. कॉलेज स्टेशन या गावातल्या विद्यापीठाच्या मैदानावर एक लाखाहून अधिक माणसं बसतात. शाळांचं म्हणाल, तर डॅलसजवळच्या ॲलन गावानं २०१२ मध्ये आपल्या शाळेसाठी अठरा हजार आसनांचं स्टेडियम बांधलं. खर्च सुमारे सहा कोटी डॉलर. दोन वर्षांत त्याला तडे गेले म्हणून ते बंद ठेवावं लागलं, आणि दुरुस्त करून २०१५ मध्ये पुन्हा उघडलं. पश्चिम टेक्सासमधल्या ओडेसा या तेलाच्या गावात शाळेच्या फुटबॉल संघाभोवती अख्खं गाव कसं फिरतं, यावर १९९० मध्ये एका पत्रकारानं लिहिलेलं ‘फ्रायडे नाइट लाइट्स’ हे पुस्तक गाजलं. पुढं त्यावर चित्रपट निघाला आणि दूरदर्शन मालिकाही आली.

आता एखाद्या चौदा वर्षांच्या, अंगानं भरलेल्या, उंच मुलाचा विचार करा. आमच्या शेजारी असाच एक मुलगा होता. त्याला बास्केटबॉल आवडायचं. पण ऑगस्टच्या उन्हात फुटबॉलचा सराव सुरू व्हायचा, शाळेच्या वेळापत्रकात खेळाचा म्हणून ठेवलेला तास त्यातच जायचा. संघ बाद फेरीत पोचला तर हंगाम डिसेंबरपर्यंत लांबायचा. बास्केटबॉलचे सामने सुरू होतात नोव्हेंबरमध्ये. म्हणजे हा मुलगा बास्केटबॉलच्या मैदानात उतरायचा तेव्हा बाकीच्या संघांचे कितीतरी सामने झालेले असत. वसंतात पुन्हा फुटबॉलचा सराव. लहान शाळांत तर पुष्कळदा फुटबॉलच्या प्रशिक्षकांपैकीच एकाकडे बास्केटबॉलचं कामही सोपवलेलं असतं. मनाई कुणीच करत नाही. फक्त वर्ष बारा महिन्यांचंच असतं, आणि त्यातले चांगले महिने आधीच कुणीतरी घेतलेले असतात.

हे ध्यानात घेतलं, की इंडियाना राज्याशी तुलना करण्यात अर्थ आहे. तिथं शेतीची छोटी छोटी गावं, कडक हिवाळा आणि मूठभर विद्यार्थ्यांच्या शाळा. फुटबॉलला एका वेळी अकरा खेळाडू लागतात, शिवाय राखीव. बास्केटबॉलला पाच पुरतात, आणि एक बंदिस्त सभागृह असलं की बाहेर बर्फ पडला तरी खेळ चालतो. म्हणून तिथल्या गावांनी बास्केटबॉल धरलं. १९५४ मध्ये मायलन नावाच्या गावातल्या, अवघ्या १६१ विद्यार्थ्यांच्या शाळेनं संपूर्ण राज्याचं विजेतेपद मिळवलं. ती कथा तिथं अजून सांगितली जाते.

छोटी गावं टेक्सासमध्येही होती. मग त्यांनी काय केलं? त्यांनी सहा जणांचा फुटबॉल सुरू केला. हा प्रकार १९३४ मध्ये नेब्रास्कात निघाला, लहान शाळांची सोय म्हणून. टेक्सासनं तो उचलला आणि आजही तिथल्या शंभराहून अधिक शाळा तो खेळतात. इंडियानाच्या लहान गावाला जे बास्केटबॉलनं दिलं, ते टेक्सासच्या लहान गावानं फुटबॉललाच कातरून, आपल्या मापाचं करून घेतलं. जिथं बास्केटबॉल सहज रुजलं असतं, ती जागाही अशी भरून गेली.

तरीही टेक्सासमध्ये गुणी खेळाडू निपजले नाहीत, असं कुणी म्हणेल तर ते चूक ठरेल. शकील ओनील सॅन अँटोनिओच्या शाळेत खेळला आणि कॉलेजसाठी लुइझियानाला गेला. डॅलसचा क्रिस बॉश जॉर्जियाला गेला. जिमी बटलर ह्यूस्टनजवळच्या टॉमबॉलचा, तो शेवटी विस्कॉन्सिनमधल्या विद्यापीठात पोचला. ज्युलियस रँडल, डीॲरन फॉक्स, टायरीज मॅक्सी हे तिघंही टेक्सासच्या शाळांतले आणि तिघंही केंटकी विद्यापीठात गेले. याचं कारण साधं आहे. सतरा वर्षांच्या मुलाला आपला खेळ जिथं गावाचा मुख्य सण आहे, तिथं खेळावंसं वाटतं. केंटकीत बास्केटबॉलपटू रस्त्यावर ओळखला जातो. टेक्सासमध्ये तो फेब्रुवारीत खेळत असतो तेव्हा लोकांची चर्चा पुढच्या वर्षीच्या फुटबॉल संघात कोण येणार याची असते.

पैशाचा मुद्दा मी मुद्दाम मागं ठेवला आहे, कारण तो दिसतो तितका सरळ नाही. फुटबॉलच्या उत्पन्नावरच या विद्यापीठांचे बाकीचे खेळ चालतात. तेव्हा फुटबॉल बास्केटबॉलचा घास हिरावतो असं म्हणता येत नाही. प्रश्न कासाविशीचा आहे. कॉलेज स्टेशनच्या विद्यापीठानं २०२३ मध्ये फुटबॉलच्या प्रशिक्षकाला मुदतीआधी घरी पाठवलं आणि करारापोटी साडेसात कोटी डॉलरहून अधिक रक्कम देणं कबूल केलं. वर्षाला अमुक इतके सामने जिंकलेच पाहिजेत, ही अधीरता तिथं फुटबॉलच्या वाट्याला येते. बास्केटबॉल बरं चाललं असेल तर ते पुरतं. त्या विद्यापीठाचा पुरुष बास्केटबॉल संघ २०२५ पर्यंत एकदाही अंतिम चार संघांत पोचलेला नव्हता.

या कहाणीला एक काळी बाजूही आहे. टेक्सासच्या मोठ्या विद्यापीठांची साउथवेस्ट कॉन्फरन्स नावाची साखळी होती. तिच्यात पहिला कृष्णवर्णीय बास्केटबॉलपटू आला तो १९६५ च्या सुमारास, जेम्स कॅश. म्हणजे आपल्याच गावातली गुणी मुलं ही विद्यापीठं कित्येक वर्षं दारातूनच परत पाठवत होती. मेक्सिकोच्या सीमेवरचं एल पासो हे गाव या साखळीच्या बाहेर. तिथल्या टेक्सास वेस्टर्न कॉलेजच्या डॉन हॅस्किन्स या प्रशिक्षकानं न्यूयॉर्क, डेट्रॉइट, गॅरी आणि ह्यूस्टन इथून मुलं जमवली. १९ मार्च १९६६ रोजी अंतिम सामन्यात त्यानं पाच कृष्णवर्णीय खेळाडू उतरवले. समोर केंटकीचा संपूर्ण गोरा संघ. एल पासोनं ७२–६५ असा सामना जिंकला. टेक्सासचं पहिलं विजेतेपद असं राज्याच्या कडेच्या एका कॉलेजनं आणलं, आणि बड्या विद्यापीठांनी ज्यांना नाकारलं होतं त्यांच्या बळावर आणलं.

ह्यूस्टन विद्यापीठानंही त्याच दशकात वेळीच दार उघडलं. जानेवारी १९६८ मध्ये ॲस्ट्रोडोममध्ये बावन्न हजारांवर प्रेक्षकांसमोर एल्विन हेजच्या ह्यूस्टननं बलाढ्य यूसीएलएला ७१–६९ असं हरवलं. टेक्सासचे लोक बास्केटबॉलला येत नाहीत, या समजाला त्या रात्रीचा आकडा हे उत्तर आहे. पुढं १९८३ मध्ये हकीम ओलाजुवान आणि क्लाइड ड्रेक्सलर यांचा ह्यूस्टन संघ अंतिम सामन्यात नॉर्थ कॅरोलायना स्टेटकडून ५४–५२ असा, अगदी शेवटच्या क्षणी पडलेल्या बास्केटनं हरला. १९८४ मध्ये पुन्हा अंतिम सामन्यात हार. २०२५ मध्ये फ्लोरिडाकडून ६५–६३ अशी तिसरी. दोन गुणांनी हुकलेल्या त्या दोन सामन्यांचा निकाल वेगळा लागता, तर आज मी या विषयावर बोलतही नसतो. हरला की घरी, अशा स्पर्धेत तीन आठवड्यांत सलग सहा सामने जिंकावे लागतात. त्यात नशिबाचा वाटा सोडून चालत नाही.

आणि फुटबॉलचं वेड म्हणजे बास्केटबॉलचा मृत्यू, असंही नाही. फ्लोरिडाचं उदाहरण आहे. तिथल्या विद्यापीठानं २००६ आणि २००७ अशी लागोपाठ दोन वर्षं बास्केटबॉलचं विजेतेपद मिळवलं, आणि मधल्या जानेवारीत फुटबॉलचंही.

पण माझ्या मते सगळ्यात बोलका पुरावा टेक्सासमधल्याच मुलींनी दिला आहे. पश्चिम टेक्सासच्या प्लेनव्ह्यू गावातल्या वेलँड बॅप्टिस्ट कॉलेजच्या मुली १९५३ ते १९५८ या काळात सलग १३१ सामने जिंकल्या. एका स्थानिक व्यावसायिकाच्या लहान विमानांतून त्या सामन्यांना जात, म्हणून त्यांचं नाव ‘फ्लाइंग क्वीन्स’. १९७२ मध्ये शिक्षणात मुलामुलींत भेद न करण्याचा कायदा आला आणि विद्यापीठांना मुलींच्या संघांवरही खर्च करणं भाग पडलं. त्यानंतर पाहा: १९८६ मध्ये ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठाच्या मुली एकही सामना न हरता राष्ट्रीय विजेत्या. १९९३ मध्ये टेक्सास टेक, आणि अंतिम सामन्यात शेरिल स्वूप्सचे एकटीचे ४७ गुण. २००५, २०१२ आणि २०१९ मध्ये बेलर. २०११ मध्ये कॉलेज स्टेशनचं तेच विद्यापीठ, ज्याच्या पुरुषांना अंतिम चारही गाठता आले नाहीत. राज्य तेच, शाळा त्याच, पैसा तोच. फरक एवढाच, की धट्ट्याकट्ट्या, उंच मुलीला ऑगस्टमध्ये फुटबॉलच्या मैदानावर कुणी बोलावत नव्हतं.

पुरुषांचं चित्रही अलीकडे पालटू लागलं, आणि ते कुठून पालटलं हेही बघण्यासारखं आहे. वेको गावातल्या बेलर विद्यापीठाचा पुरुष संघ २००३ मध्ये कोलमडला होता. एका खेळाडूचा त्याच्याच सहकाऱ्यानं खून केला, पाठोपाठ आर्थिक गैरप्रकार उघड झाले आणि प्रशिक्षक गेला. त्या पडझडीत स्कॉट ड्रू नावाचा बत्तीस वर्षांचा प्रशिक्षक आला, इंडियानातल्या एका लहान विद्यापीठातून. तो तिथं टिकून राहिला आणि अठराव्या हंगामात, २०२१ मध्ये, बेलरनं अंतिम सामन्यात गोन्झागाला ८६–७० असं हरवलं. टेक्सास टेक २०१९ मध्ये अंतिम सामन्यापर्यंत पोचलं. ह्यूस्टनला केल्विन सॅम्पसन २०१४ मध्ये आले, २०१८ मध्ये नवं क्रीडागृह झालं आणि संघ पुन्हा पहिल्या रांगेत बसला. ही तिन्ही विद्यापीठं फुटबॉल खेळतात, पण राज्यातल्या फुटबॉलचं सर्वांत मोठं ओझं ऑस्टिन आणि कॉलेज स्टेशनच्या खांद्यावर आहे. आणि बेलर, ह्यूस्टनमध्ये एका माणसाला दीर्घकाळ काम करू दिलं गेलं.

एखादा समाज कोणत्या खेळावर प्रेम करतो, याबद्दल तक्रार करण्याचं कारण नाही. प्रेमाला कारण लागत नाही. मात्र त्या प्रेमाची किंमत कुणीतरी मोजत असतं. टेक्सासमध्ये ती मोजली चुकीच्या ऋतूत आवड जडलेल्या मुलांनी, आणि त्याहून अधिक, ज्यांना दारातच अडवलं त्यांनी. ज्यांच्याकडे कुणाचं फारसं लक्ष नव्हतं, त्या प्लेनव्ह्यूच्या मुलींना मात्र चार फळ्या, एक टोपली आणि अख्खं वर्ष मिळालं. तेवढं त्यांना पुरलं.