चिप बदलली, पडदा तोच

एका मायक्रोकंट्रोलरवर नीट चालणारी डिस्प्लेची आज्ञावली दुसऱ्या घराण्याच्या मायक्रोकंट्रोलरवर नेऊन बसवणे, हे काम वरवर पाहता कारकुनी वाटते. भाषा तीच 'सी', डिस्प्ले तोच, ताराही त्याच. तेव्हा पायांचे क्रमांक बदलले की झाले, अशी बहुतेक विद्यार्थ्यांची समजूत असते. प्रत्यक्षात बिऱ्हाड हलवताना जे होते तेच येथेही होते. मांडणीवरची भांडी यादी करून नेता येतात. पण जुन्या घरात कोणत्या खिडकीतून उजेड येत होता, याची नोंद कोणी केलेली नसते. नव्या घरात अंधार पडला म्हणजे मग तिची आठवण होते. जुन्या आज्ञावलीतही अशा न लिहिलेल्या पुष्कळ गोष्टी असतात, आणि त्यांतली सर्वांत मोठी म्हणजे जुन्या चिपचा संथपणा.

हा विषय केवळ प्रयोगशाळेपुरता नाही. २०२१ साली जगभर चिपांचा तुटवडा झाला, तेव्हा अनेक लहान कारखान्यांना मिळेल त्या चिपवर आपली उपकरणे उभी करावी लागली. आमच्या उद्यमबागेतील एका छोट्या कारखान्याचा वजनकाटा माझ्या विद्यार्थ्यांकडे आला तो याच कारणाने. काट्यात ८०५१ घराण्यातील एटी८९एस५२ ही चिप होती. तिच्या जागी एसटीएम३२एफ१०३ बसवायची होती. डिस्प्ले मात्र जुनाच, सोळा अक्षरांच्या दोन ओळींचा, आपल्या सर्वांच्या ओळखीचा.

या डिस्प्लेच्या पाठीमागे हिताची कंपनीचा एचडी४४७८० किंवा त्याच्याशी जुळणारा कंट्रोलर असतो. तो स्वतःच एक लहानसा, सावकाश काम करणारा कारागीर आहे असे समजावे. आपण माहितीच्या तारांवर एक अक्षर ठेवतो, 'एनेबल' नावाची तार वर उचलतो आणि खाली सोडतो. ती खाली येताना तो अक्षर उचलतो. पाच व्होल्टवर ही तार किमान २३० नॅनोसेकंद वर राहिली पाहिजे. अक्षर उचलल्यावर ते मांडायला त्याला सुमारे ४० मायक्रोसेकंद लागतात, आणि सगळा पडदा पुसायला १.५२ मिलिसेकंद. तो कामात असताना आपण दुसरे अक्षर पुढे केले, तर तो तक्रार करीत नाही. ते अक्षर तो घेतच नाही, एवढेच.

आता जुन्या चिपकडे पाहा. इंटेलने १९८० साली आणलेल्या ८०५१ मध्ये एका यंत्रचक्राला घड्याळाचे बारा ठोके लागतात. बारा मेगाहर्ट्झचा क्रिस्टल लावला, तर साधी सूचना एका मायक्रोसेकंदाची. एनेबल वर करा, लगेच खाली करा, अशा लागोपाठ दोन सूचना दिल्या तरी ती तार एक मायक्रोसेकंद वर राहतेच. म्हणजे हव्या त्या काळाच्या चौपटीहून अधिक. लिहिणाऱ्याने २३० नॅनोसेकंदांचा विचार केला नसेल तरी काही बिघडत नव्हते. तीच दोन वाक्ये सोळा मेगाहर्ट्झच्या एटीमेगा३२८पी वर नेली की तार वर राहण्याचा काळ १२५ नॅनोसेकंद होतो, आणि बहात्तर मेगाहर्ट्झच्या एसटीएम३२ वर तर शंभराच्याही पुष्कळ खाली जातो. डिस्प्लेला काही समजतच नाही. पहिल्या ओळीत काळे चौकोन तेवढे दिसत राहतात.

तथापि, पडदा अजिबात न चालणे हा त्यातल्या त्यात बरा प्रकार होय, कारण तो लगेच लक्षात येतो. खरा धोका अर्धवट चालण्यात आहे. जुन्या आज्ञावलीत दोन अक्षरांच्या मध्ये थांबण्याची सूचनाच नव्हती. फंक्शनमध्ये जाणे, परत येणे, पुढचे अक्षर शोधणे यांतच ८०५१ च्या तीसचाळीस सूचना खर्ची पडत, आणि तेवढ्यात डिस्प्लेचे काम उरकत असे. नव्या चिपवर हाच मजकूर मायक्रोसेकंदा-दोन मायक्रोसेकंदांत संपतो. मग मधलेच एखादे अक्षर गळते आणि पुढची अक्षरे एकेक घर मागे सरकतात. काट्यावर '१०.५' ऐवजी '१.५' दिसले, तर चूक झाली आहे हे पाहणाऱ्याला कळणार कसे? आकडा नीट, स्वच्छ, शहाण्यासारखा दिसतो. गिऱ्हाईक आणि दुकानदार यांच्यात मात्र नऊ किलोंचा फरक पडलेला असतो. गंमत अशी की काट्याचे मोजमाप यात कोठेही चुकलेले नाही.

जेथे थांबण्याची सूचना लिहिलेली असते, तेथेही निर्धास्त राहू नये. रिकामा 'फॉर' लूप इतक्या वेळा फिरवला की एक मिलिसेकंद, अशी रीत आपल्याकडे रूढ आहे. १२७५ हा आकडा कित्येकांच्या जर्नलांतून वर्षानुवर्षे उतरवला जातो आहे. तो कोणी तरी एका ठरावीक चिपवर, ठरावीक क्रिस्टलवर आणि ठरावीक कंपायलरवर काढलेला असतो, हे मात्र जर्नलात उतरत नाही. त्यात नव्या चिपांसाठीचे कंपायलर हुशार असतात: लूपमधून काहीच निष्पन्न होत नाही असे दिसले की ते तो लूपच काढून टाकतात. आज्ञावलीत विलंब लिहिलेला दिसतो, चिपमध्ये तो नसतो. यावर उपाय म्हणजे काळ हा टायमरने मोजावा, किंवा घड्याळाचा वेग सांगून विलंब काढणारी तयार फंक्शने वापरावीत आणि तो वेग खरा सांगावा.

दुसरी न लिहिलेली गोष्ट पायांची. ८०५१ मध्ये पाय आत घेणारा की बाहेर देणारा हे वेगळे सांगावे लागत नाही. त्यावर एक लिहिला की तो दोन्ही कामांना तयार. एव्हीआर घराण्यात दिशा ठरवणारे स्वतंत्र रजिस्टर आहे. दिशा न ठरवता एक लिहिला, तर पायाला आतून एक दुबळा आधार तेवढा मिळतो. एलईडी लावून पाहिल्यास तो मिणमिणतो. एसटीएम३२ ची तऱ्हा आणखी निराळी: तेथे आधी त्या पोर्टला घड्याळाचे ठोके सुरू करून द्यावे लागतात. ते विसरलात तर पुढच्या सगळ्या आज्ञा पालथ्या घड्यावरचे पाणी. कंपायलर चकार शब्द काढत नाही.

विजेच्या दाबाचा प्रश्न थोडक्यात सांगतो. जुनी चिप पाच व्होल्टची, नवी ३.३ व्होल्टची. एचडी४४७८० पाच व्होल्टवर असताना २.२ व्होल्टच्या वरचा संकेत 'एक' म्हणून मानतो, त्यामुळे पाठवायला अडचण नाही. डिस्प्लेकडून परत वाचायचे झाल्यास मात्र त्याचे पाच व्होल्ट आपल्या चिपच्या पायावर येतात, आणि ते सोसण्याची ताकद प्रत्येक पायात नसते. म्हणून आम्ही वाचण्या-लिहिण्याची तार जमिनीला जोडून टाकली आणि 'काम झाले का' असे विचारण्याऐवजी दर वेळी पुरेसे थांबणे पसंत केले. जुळत्या कंट्रोलरांचे आकडे थोडे निराळे असू शकतात. आपल्या हातातील डिस्प्लेची डेटाशीट पाहावी हे उत्तम.

मग हे बिऱ्हाड हलवायचे कसे? माझ्या मते चिप बदलण्यापूर्वी, जुन्या चिपवरच, आज्ञावलीचे दोन भाग करावेत. वरचा भाग फक्त डिस्प्लेला ओळखणारा: सुरुवातीला कोणत्या आज्ञा कोणत्या क्रमाने द्यायच्या, दुसरी ओळ षोडशमान पद्धतीतील ४० या पत्त्यापासून सुरू होते, पडदा पुसल्यावर किती थांबायचे. खालचा भाग फक्त चिपला ओळखणारा, आणि तो अगदी लहान असावा. तार वर-खाली करणे, माहितीच्या तारांवर एक बाइट ठेवणे, इतके मायक्रोसेकंद थांबणे. याहून त्याला काही येऊ नये. वरच्या भागात पोर्टचे नाव एकदाही येता कामा नये. जुन्या चिपवर असे दोन भाग करूनही पडदा पूर्वीसारखाच चालला, म्हणजे मगच नव्या चिपला हात लावावा. एका वेळी एकच गोष्ट बदललेली बरी. खालचा भाग बदलून हीच आज्ञावली घरच्या संगणकावरही चालवता येते. तेथे तार हलवण्याऐवजी 'ही तार वर गेली' असे छापून घ्यायचे. आज्ञांचा क्रम चुकला असेल तर सोल्डरिंग न करताच कळते. राहिला काळ. सेकंदाला २४ दशलक्ष वेळा पाहणारा साधा आठ तारांचा लॉजिक ॲनालायझर सुमारे ४२ नॅनोसेकंदांचे टप्पे दाखवतो. एनेबलची रुंदी तपासायला तो पुरतो.

रंगीत पडद्यावर आणखी एक गंमत घडते. आयएलआय९३४१ सारख्या कंट्रोलरला प्रत्येक ठिपक्याचा रंग दोन बाइटांत, मोठा बाइट आधी, असा द्यावा लागतो. ८०५१ साठीचा कायलचा कंपायलर स्मरणातही मोठा बाइट आधीच ठेवतो, त्यामुळे स्मरणातून उचलून तसेच पाठवले तरी चालते. एसटीएम३२ मध्ये लहान बाइट आधी. लाल रंगाचा 'एफ८००' मग '००एफ८' होऊन पोहोचतो, आणि धोक्याची लाल पट्टी गडद निळी दिसते. स्मरणातील क्रमावर विसंबू नये. बाइट सरकवून, मोठा आधी वेगळा काढून पाठवावा, म्हणजे चिप कोणतीही असो.

आता अक्षरांविषयी, कारण आपल्या भागात त्याला विशेष महत्त्व आहे. या साध्या डिस्प्लेच्या पोटात देवनागरी नाही आणि कन्नडही नाही. आपण घडवलेली फक्त आठ अक्षरे तो सांभाळतो, प्रत्येक पाच ठिपके रुंद व आठ ठिपके उंच, आणि वीज गेली की तीही विसरतो. म्हणून अक्षरांचा तक्ता आपल्या चिपमध्येच ठेवावा लागतो, आणि तो ठेवण्याची प्रत्येक घराण्याची रीत वेगळी. ८०५१ च्या कंपायलरला तक्ता आज्ञावलीच्या स्मरणात ठेव असे एका शब्दाने सांगता येते. एव्हीआरमध्ये तसे सांगितल्यावर वाचतानाही खास फंक्शन वापरावे लागते. साध्या पॉइंटरने वाचल्यास दुसऱ्याच स्मरणातला कचरा हाती येतो आणि पडद्यावर अक्षरांऐवजी ठिपक्यांची रांगोळी उमटते. एसटीएम३२ मध्ये सगळे स्मरण एकाच पत्त्यांच्या रांगेत असल्याने हा प्रश्न उद्भवत नाही. आमच्या काट्यावर 'वजन' या शब्दाला तीन अक्षरे लागली आणि कन्नड 'तूक'ला दोन. दोन घरांमध्ये काचेवरच फट असल्याने मराठी शब्दाची शिरोरेषा तुटते, तर कन्नड वळणांना पाच ठिपके कमी पडतात; दोन्ही भाषांची सारखीच गैरसोय. उरलेल्या तीन जागांत 'किलो' बसवायचा आमच्या विद्यार्थ्यांचा खटाटोप अजून चालू आहे.