पैसा मालकाचा, मग खर्चाला लगाम कशाला?

आपल्या घरातली मुलं रात्री उशिरापर्यंत युरोपातले फुटबॉलचे सामने बघत बसतात, हे आता नवीन राहिलेलं नाही. कुणाच्या अंगात मँचेस्टर सिटीचा आकाशी टी-शर्ट असतो, कुणाच्या अंगात पॅरिसचा निळा. ही मुलं एक प्रश्न हमखास विचारतात. शेख मन्सूर यांच्याकडे पैसा आहे, तो त्यांना स्वतःच्या क्लबवर उधळायचा आहे, मग त्यांना अडवणारे हे नियमवाले कोण?

प्रश्न रास्त आहे. पण त्यावर आपल्याकडे जी चर्चा होते ती दोन टोकांची असते. एक म्हणतो, अरबांच्या तेलाच्या पैशानं खेळ नासला. दुसरा म्हणतो, मुसलमान मालक आले म्हणून गोऱ्यांना नियम आठवले. तारखा तपासल्या तर दोन्ही म्हणणी टिकत नाहीत.

इंग्लंडमध्ये एका माणसाच्या पैशावर क्लब वर चढवण्याची गोष्ट जुनी आहे. ब्लॅकबर्न या गिरण्यांच्या गावातल्या जॅक वॉकर या पोलादाच्या व्यापाऱ्यानं आपल्या क्लबात पैसा ओतला आणि १९९५ साली ब्लॅकबर्ननं प्रीमियर लीग जिंकली. २००३ मध्ये रशियाचे रोमन अब्रामोविच यांनी चेल्सी घेतला. अबू धाबीचे शेख मन्सूर २००८ मध्ये मँचेस्टर सिटीत आले, कतार २०११ मध्ये पॅरिस सेंट जर्मेनमध्ये आणि सौदी अरेबियाचा सरकारी गुंतवणूक निधी २०२१ मध्ये न्यूकॅसलमध्ये. म्हणजे पाहुणे उशिरा आले, मैफल आधीच रंगली होती. मात्र आखाती पैशानं आकडे कुठच्या कुठे नेले हेही खरं. २०१७ मध्ये पॅरिसनं नेमारसाठी २२ कोटी २० लाख युरो मोजले. एका खेळाडूसाठी इतके पैसे आजवर कुणी दिलेले नाहीत.

मग नियम का आले? मालक श्रीमंत आहे म्हणून नव्हे, तर मालक निघून जाऊ शकतो म्हणून. पोर्ट्समथ या बंदराच्या शहराचा क्लब २००८ मध्ये एफए कप जिंकला. खेळाडूंचे पगार कमाईच्या कितीतरी पुढे गेले होते आणि सगळा डोलारा मालकाच्या खिशावर उभा होता. खिसा आवळला, मालकामागून मालक बदलले, आणि २०१० मध्ये क्लब दिवाळखोरीच्या कारवाईत गेला. नऊ गुण कापले गेले, संघ खालच्या श्रेणीत घसरला. बरी या गावाची गत तर आणखी वाईट झाली. १८८५ सालचा क्लब, दोनदा एफए कप जिंकलेला. २०१८ च्या अखेरीस तो एका नव्या मालकानं अवघ्या एका पौंडाला घेतला. पुढच्या उन्हाळ्यात संघानं मैदानावर वरची श्रेणी मिळवली, पण देणी भागवायला पैसे आहेत हे क्लबला दाखवता आलं नाही, म्हणून ऑगस्ट २०१९ मध्ये लीगनं त्याला बाहेर काढलं. दुकान बंद पडलं तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं. बरीचा चाहता शेजारच्या गावाचा होऊ शकत नाही.

युरोपच्या फुटबॉल संघटनेनं, म्हणजे यूएफानं, 'फायनान्शियल फेअर प्ले' नावाचे नियम २०१० च्या सुमारास मंजूर केले. प्रीमियर लीगनं २०१३ मध्ये स्वतःचे आणले. प्रीमियर लीगच्या नियमाचा गाभा असा: तीन वर्षांत मिळून क्लबला जास्तीत जास्त १० कोटी ५० लाख पौंड तोटा चालेल. त्यातले ९ कोटी मालकानं कर्ज म्हणून नव्हे, तर भागभांडवल म्हणून कायमचे घालायचे. तसं केलं नाही तर मर्यादा फक्त दीड कोटी. स्टेडियम, लहान मुलांची अकादमी, महिला फुटबॉल, गावासाठीची कामं यांवरचा खर्च या हिशेबात धरत नाहीत. मुलांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे. शेखसाहेबांनी मैदान बांधावं, अकादमी उभारावी, कुणी अडवत नाही. अडवणूक आहे ती कमाईपेक्षा जास्त पैसे खेळाडूंवर घालण्याला.

आता खरी गंमत हिशेबाच्या वहीत आहे. समजा क्लबनं १०० कोटींचा खेळाडू पाच वर्षांच्या करारावर घेतला. वहीत पहिल्या वर्षी १०० कोटी खर्च पडत नाही. दरवर्षी २० कोटी पडतो. पण खेळाडू विकला की नफा त्याच वर्षी एकदम जमा होतो. लहानपणापासून आपल्याच अकादमीत वाढलेल्या पोराला क्लबनं विकत घेतलेलंच नसतं, त्यामुळे वहीत त्याची किंमत शून्य. त्याला विकलं तर आलेला पैसा सगळाच्या सगळा नफा!

याचा परिणाम काय झाला ते न्यूकॅसलला विचारा. मालक जगातल्या सर्वात श्रीमंतांपैकी, पण जून २०२४ मध्ये हिशेब बंद व्हायच्या आत तोटा भरून काढणं भाग होतं. म्हणून एलियट अँडरसन हा त्याच भागातला, आठव्या वर्षापासून क्लबात वाढलेला मुलगा नॉटिंगहॅम फॉरेस्टला विकावा लागला. त्याच दिवसांत अॅस्टन व्हिला, चेल्सी, एव्हर्टन यांनीही आपापली तरुण पोरं एकमेकांना विकली. दोन्हीकडे नफा, दोन्हीकडे वह्या साफ. खेळात समता आणायला निघालेला नियम घरच्या पोराला बाजारात उभा करतो, हे आमच्या मते या व्यवस्थेचं सर्वात मोठं अपयश आहे.

पळवाटा शोधण्यात चेल्सीचा हात धरणारा सापडणार नाही. अब्रामोविच गेल्यावर २०२२ मध्ये आलेल्या अमेरिकन मालकांनी खेळाडूंना आठ-साडेआठ वर्षांचे करार दिले, म्हणजे दरवर्षीचा आकडा लहान दिसतो. यूएफानं आणि नंतर प्रीमियर लीगनं हिशेबापुरती पाच वर्षांची मर्यादा घातली. मग क्लबनं स्टेडियमला लागून असलेली दोन हॉटेलं ७ कोटी ६५ लाख पौंडांना विकली. कुणाला? आपल्याच मालकांच्या दुसऱ्या कंपनीला! या खिशातून त्या खिशात. प्रीमियर लीगनं ते चालवून घेतलं, यूएफानं धरलं नाही, आणि जुलै २०२५ मध्ये यूएफाकडून चेल्सीला ३ कोटी १० लाख युरोंचा दंड झाला. हे मालक आखाती नाहीत, हे लक्षात असू द्या.

मँचेस्टर सिटीचं प्रकरण सगळ्यात नाजूक. कमाईवर मर्यादा बांधलेली असेल तर कमाई फुगवून दाखवण्याचा मोह होणार. अबू धाबीच्या प्रायोजकांच्या नावानं आलेला पैसा खरं तर मालकाकडूनच येत होता, असा आरोप झाला. २०२० मध्ये यूएफानं दोन वर्षांची बंदी घातली. क्रीडा लवादानं ती त्याच वर्षी रद्द केली, कारण काही आरोप सिद्ध झाले नाहीत आणि काही मुदतबाह्य ठरले. चौकशीत सहकार्य न केल्याबद्दल दंड मात्र राहिला, तोही ३ कोटींवरून १ कोटी युरोंवर आला. पुढे फेब्रुवारी २०२३ मध्ये प्रीमियर लीगनं शंभराहून जास्त आरोप ठेवले. क्लबला ते सगळे अमान्य आहेत, आणि आरोप म्हणजे गुन्हा नव्हे. आपल्याला हे दुसऱ्या कुणी सांगायची गरज नाही.

पण वेगाचा फरक बघा. एव्हर्टनवर मार्च २०२३ मध्ये ठपका आला, नोव्हेंबरमध्ये दहा गुण गेले, अपिलात ते सहा झाले, एप्रिल २०२४ मध्ये दुसऱ्या प्रकरणात आणखी दोन गेले. फॉरेस्टचे चार. सिटीची सुनावणी मात्र सुरू झाली तीच सप्टेंबर २०२४ मध्ये. एव्हर्टन आणि फॉरेस्ट यांनी मर्यादा मोडल्याचं मान्य केलं होतं आणि सिटीचा खटला कितीतरी वर्षांच्या कागदांचा आहे, हे खरं. तरीही ज्याला चांगले वकील परवडतात त्याचा निकाल लांबतो आणि ज्याला परवडत नाहीत तो आधी शिक्षा भोगतो, असं सामान्य चाहत्याला वाटलं तर त्याचा काय दोष? इन्साफ उशिरा आला की अर्धा गेलेला असतो.

दुसरी खोट जास्त खोल आहे. खर्च कमाईशी बांधला की ज्यांची कमाई आधीच मोठी त्यांचं आसन पक्कं होतं. मँचेस्टर युनायटेड, रेआल माद्रिद यांचे टी-शर्ट जगभर खपतात. त्यांना हवा तेवढा खर्च 'नियमात' बसतो. खालून वर यायचं तर आधी कमाई हवी, आणि कमाईसाठी आधी वर यायला हवं. कोंबडी आधी की अंडं आधी! मग मधले क्लब मिळेल तो प्रायोजक धरतात. कितीतरी संघांच्या छातीवर सट्टेबाजी कंपन्यांची नावं आली ती अशीच. नियम कमाई किती ते मोजतो, कुठली ते विचारत नाही. आपल्या घरात मुलाला टी-शर्ट घेताना हा प्रश्न अनेक आई-वडिलांना पडला असेल. या कंपन्यांना छातीवरून हटवायचा निर्णय प्रीमियर लीगच्या क्लबांनी २०२३ मध्ये घेतला आणि मुदत दिली २०२५-२६ हंगामाच्या अखेरपर्यंत. बाहीवर त्या राहू शकतात, ही आणखी एक गंमत.

जर्मनीनं वेगळी वाट धरली. तिथे क्लबच्या मतांपैकी निम्म्याहून जास्त मतं सभासदांच्या हातात राहिली पाहिजेत, असा नियम आहे. त्यामुळे तिकिटं तुलनेनं स्वस्त राहिली, मालक क्लब विकून पळून गेला असं सहसा होत नाही. पण लेव्हरकुसेन आणि वोल्फ्सबुर्ग यांना कंपनीचे क्लब म्हणून सूट मिळाली, आणि लाइपझिगनं मोजकेच सभासद ठेवून नियमाची अब्रू तेवढी राखली. शिवाय बायर्न म्युनिकनं २०१३ पासून सलग अकरा वर्षं लीग जिंकली. सभासदांची मालकी क्लब वाचवते, चुरस वाचवत नाही.

चुरस वाचते ती पैसा वाटून घेतल्यानं, असं आमचं मत आहे. प्रीमियर लीग इंग्लंडमधल्या प्रक्षेपण हक्कांचा निम्मा पैसा वीसही क्लबांना समान देते, म्हणून तिथे तळाचा संघही कधीमधी वरच्याला हरवतो. खालच्या श्रेणींना मात्र त्यातून फारसं पोचत नाही. यूएफानं आता पगार, खरेदी आणि दलाली मिळून खर्च कमाईच्या ७० टक्क्यांत ठेवायला सांगितलं आहे. प्रीमियर लीगच्या क्लबांनी नोव्हेंबर २०२५ मध्ये ८५ टक्क्यांचा नियम मान्य केला, २०२६-२७ पासून. दोन्ही पुन्हा कमाईशीच बांधलेले. बरीसारखी गत पुन्हा होऊ नये म्हणून ब्रिटिश संसदेनं जुलै २०२५ मध्ये स्वतंत्र नियामकाचा कायदा केला. मालक होऊ पाहणाऱ्याची ऐपत आणि पैशाचा उगम तपासण्याचा अधिकार त्यात आहे. तो आखाती शेखला लागू आहे, तसाच अमेरिकन फंडालाही.

मालक निघून जाण्याची गोष्ट आपल्यापासूनही लांब नाही. सिटीच्याच समूहानं २०१९ मध्ये मुंबई सिटी एफसीचा ६५ टक्के हिस्सा घेतला. २०२०-२१ च्या हंगामात मुंबईनं इंडियन सुपर लीगची शिल्ड आणि करंडक दोन्ही जिंकले. पुढे लीगच्याच भवितव्यावर प्रश्नचिन्ह लागलं आणि डिसेंबर २०२५ मध्ये हा समूह हिस्सा सोडून गेला. क्लब पुन्हा आधीच्या मालकांकडे आला.