सौर वायरमनची पुढची पायरी

माहिती चौकट

अंकुशनगर (ता. अंबड, जि. जालना) समर्थ साखर कारखान्यामुळे ओळखलं जातं. आता इथल्या आयटीआय झालेल्या मुलांना घरांच्या छतावर सौर पॅनेल बसवण्याचंही काम आहे.

सूर्यमित्र : सौर यंत्रणा बसवण्याचं व दुरुस्तीचं 600 तासांचं केंद्रीय प्रशिक्षण, 2015 पासून.

मागणी कुठून? घरांच्या छतावरील सौर पॅनेलसाठीची पीएम सूर्यघर योजना, फेब्रुवारी 2024. घरगुती अनुदान 3 किलोवॉटला 78,000 रुपये. 1 किलोवॉटमागे अंदाजे 100 चौरस फूट छत, दिवसाला सुमारे 4 युनिट.

हातची कामं : पॅनेलचं दक्षिणेकडे तोंड, सुमारे 20 अंश उतार, पक्कं अर्थिंग. सैल जोड तापतो, आग लागू शकते.

त्यापुढे : ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची ऊर्जा लेखापरीक्षक परीक्षा. पदवी किंवा पदविका, शिवाय अनुभव हवा.