दोन वर्तुळे आणि मधली मुले



काही वर्षांपूर्वी एका खेड्यातल्या शाळेत सातवीच्या वर्गात मागच्या बाकावर बसून तास पाहण्याचा योग आला. गुरुजींनी विचारले, "पोहता कुणाकुणाला येते?" हात वर झाले, मोजले, १४ भरले. मग विचारले, "सायकल कुणाला येते?" पुन्हा हात वर झाले, ते ११ भरले. "आता सांगा, पोहता किंवा सायकल चालवता येणारी मुले एकूण किती?" सारा वर्ग एका सुरात ओरडला, "पंचवीस!" गुरुजींनी फळ्यावर २५ लिहिले आणि ते नुसते उभे राहिले. थोड्या वेळाने एक मुलगी हळूच म्हणाली, "गुरुजी, पण वर्गात आपण २४च आहोत!"

हे पंचविसावे मूल आले कुठून? संचांचा संयोग आणि छेद हा सगळा विषय या एका प्रश्नात सामावलेला आहे. महाराष्ट्रात २०१७ साली आलेल्या नववीच्या गणिताच्या पुस्तकात संच हा पहिलाच धडा आहे. पण त्याचा पाया सहावी-सातवीतच घालता येतो, आणि त्यासाठी फळासुद्धा लागत नाही.

गुरुजींनी मुलांना अंगणात नेले आणि मैदान आखायच्या फक्कीने एकमेकांपासून दूर अशी दोन मोठी वर्तुळे काढली. एक पोहणाऱ्यांचे, दुसरे सायकलवाल्यांचे. "जा, आपापल्या वर्तुळात उभे राहा." झाले! काही मुले या वर्तुळातून त्या वर्तुळात धावू लागली. एकजण तर वैतागून म्हणाला, "गुरुजी, मी दोन्हीकडे कसा उभा राहू?" त्याला उत्तर देण्याची घाई गुरुजींनी केली नाही. शेवटी मुलांनीच सुचवले की वर्तुळे जवळ आणा, एकमेकांवर चढू द्या. नवी वर्तुळे आखली. मधल्या सामाईक भागात ६ मुले उभी राहिली. नुसते पोहणारे ८, नुसते सायकलवाले ५. आठ, सहा आणि पाच मिळून १९. म्हणजे १४ आणि ११ यांच्या बेरजेत ती मधली ६ मुले दोनदा मोजली गेली होती. ती एकदा वजा केली की २५ वजा ६, बरोबर १९.

मधल्या भागातल्या मुलांचा तो छेद संच, आणि दोन्ही वर्तुळांत मिळून जी मुले आली त्यांचा संयोग संच. उरलेली ५ मुले वर्तुळांबाहेर होती, पण ती वर्गाबाहेर गेलेली नव्हती. सगळा वर्ग हा इथे विश्वसंच. अशी वर्तुळे काढण्याची पद्धत जॉन वेन या इंग्रज तर्कशास्त्रज्ञाने १८८० साली मांडली, म्हणून त्यांना वेन आकृती म्हणतात. संयोगाची खूण सरळ ठेवलेल्या पेल्यासारखी आणि छेदाची खूण पालथ्या पेल्यासारखी. या खुणा इटलीच्या पेआनो या गणितज्ञाने १८८८ साली वापरल्या. पण शिक्षकबंधुभगिनींनो, खुणा शेवटी द्या. आधी मुलांना वर्तुळात उभे राहू द्या.

एक सावधगिरी मात्र हवी. प्रश्न निवडताना कुणाच्या घरी काय आहे, काय नाही हे विचारू नका. बाहेर उभ्या राहिलेल्या मुलाला गणितापेक्षा आपल्या घराचे उणेपण जास्त जाणवते. काय येते, काय आवडते, हे विचारावे.

आता खरी अडचण सांगतो. ती गणिताची नाही, भाषेची आहे. छेद म्हणजे "आणि", संयोग म्हणजे "किंवा", असे आपण मुलांना पाठ करायला लावतो. पण गावात दवंडी येते, "वरच्या आळीतले आणि खालच्या आळीतले लोक चावडीवर जमा!" इथे "आणि" म्हणून दोन्ही आळ्यांतली सगळी माणसे बोलावली आहेत. हा तर संयोग झाला! तेव्हा "पोहणारी आणि सायकल चालवणारी मुले पुढे या" असे म्हटल्यावर १९ मुले उठली तर त्यांच्यावर रागावू नका. घरच्या मराठीप्रमाणे त्यांचे बरोबरच आहे. "किंवा"चेही तसेच. आई म्हणते, "पेरू घे किंवा केळे घे." तिचा अर्थ असा की दोन्ही घ्यायचे नाहीत. गणितातल्या "किंवा"त मात्र दोन्ही असणारेही येतात. मी कॉलेजात शिकवतो. तिथेही पहिल्या वर्षाची मुले याच ठिकाणी अडखळतात.

यावर माझा उपाय साधा आहे. छेदासाठी "दोन्हीही येणारी" म्हणावे आणि संयोगासाठी "दोहोंपैकी निदान एक तरी येणारी" म्हणावे. महिनाभर हेच शब्द वापरावेत, मग "आणि" व "किंवा" यांच्याकडे वळावे.

अंगणातून वर्गात आल्यावर अक्षरे घ्या. "कमळ" यात क, म, ळ ही तीन अक्षरे आहेत. "मखमल" यात म दोनदा आला तरी संचात एकदाच लिहायचा, म्हणून म, ख, ल ही तीनच. छेदात एकटा म, संयोगात क, म, ळ, ख, ल ही पाच. पुढे विभाजक घ्या. १२ चे विभाजक १, २, ३, ४, ६, १२. १८ चे १, २, ३, ६, ९, १८. छेदात १, २, ३, ६ येतात, आणि त्यांतला सर्वांत मोठा ६ हाच मसावि! मुलांना हा मसावि आधीच ठाऊक असतो; तो इथे भेटला की त्यांना ओळखीचे माणूस भेटल्यासारखे वाटते. मग सम आणि विषम संख्या घ्या. यांच्या छेदात काहीच नाही, तो रिक्त संच. रिकामी टोपली हीसुद्धा टोपलीच, एवढे सांगितले की पुरते.

कुणी म्हणेल, हे शिकून पोट भरते काय? त्याला एक उदाहरण देतो. समजा, एका गावात ठरले की ज्यांची विहीर आटली किंवा ज्यांचे पीक गेले, अशा कुटुंबांना मदत द्यायची. विहिरीच्या यादीत ४० कुटुंबे, पिकाच्या यादीत ३०, आणि १२ कुटुंबे दोन्ही याद्यांत. कारकुनाने नुसती बेरीज केली तर ७० वाटे मागवले जातील. खरी कुटुंबे ५८च आहेत. ही चूक पैशाची झाली. दुसरी चूक याहून वाईट. "ही नावे दुसऱ्या यादीत आहेतच" असे म्हणून दोन्ही याद्या करणाऱ्यांनी ती १२ नावे खोडली, तर मदत ४६ कुटुंबांनाच मिळेल. राहतील कोण? ज्यांची विहीरही गेली आणि पीकही गेले, तेच!

उद्या अशा याद्या आपल्या वर्गातलीच मुले करणार आहेत, कुणी तलाठी होऊन, कुणी ग्रामसेवक होऊन. मधल्या भागातली माणसे दोनदा मोजायची नाहीत आणि गाळायचीही नाहीत, हे त्यांना सातवीतच कळलेले बरे. तेव्हा गुरुजनहो, पुढच्या आठवड्यात एखादा तास काढा, थोडी फक्की घ्या आणि वर्ग अंगणात न्या. पहिले उत्तर चुकीचे येईल. ते लगेच पुसू नका.